महालक्ष्मीच्या पानात नवा पदार्थ कुठे वाढायचा?

प्रश्न : आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि गेली ३१ वर्षे पूजनाच्या दिवसाचा स्वयंपाक मी करते आहे. पान ठरलेले असते : पुरणपोळी, कटाची आमटी, पडवळाची कढी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, भरड्याचे वडे, ज्वारीची आंबील, पंचामृत, वरणभात, दोन चटण्या, तीन कोशिंबिरी, शिवाय बाजारातून आणलेली जिलबी. साधारण ५५ माणसे जेवतात. माझी धाकटी सून रत्नागिरीची आहे. तिच्या माहेरी गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो आणि यंदा तो आपल्याकडे करावा अशी तिची इच्छा आहे. बंगळुरूहून येणाऱ्या नातीला पुरण आवडत नाही, तिला पनीरची भाजी हवी आहे. ७८ वर्षांच्या मोठ्या वन्सं मात्र 'आईच्या वेळचे पान मोडू नका' असे निक्षून सांगतात. एरवीच मी त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठते. यंदा कोणाला नाही म्हणावे?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातले साडेतीनला उठण्याचे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. इतक्या पदार्थांत आणखी दोनांची भर पडली, तर वन्संची संमती मिळाली काय आणि न मिळाली काय, ओढाताण तुमचीच होणार. तेव्हा नवा पदार्थ ज्याला हवा आहे त्याने तो स्वतः करावा आणि तो पानात येणार असेल तर दुसरे काय कमी करायचे हे आदल्या आठवड्यातच ठरवावे. तुमच्या यादीतून मी जिलबी आणि एक कोशिंबीर निःशंकपणे काढीन. पुरणपोळी असताना जिलबी खातो कोण?

हा शहाणपणा मला चुकल्यावर सुचलेला आहे. एका वर्षी भाचरांच्या आग्रहाखातर मी ऐनवेळी कांदा-लसणाशिवायचे छोले वाढवले. ताकाच्या कढीला उकळी येईपर्यंत ती ढवळत राहावी लागते हे ठाऊक असूनही मी कुकर उघडायला वळले आणि तेवढ्यात कढी फुटली. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. माझ्या चुलत सासूबाईंनी एक शब्द न बोलता तीच कढी वाटीभर मागून घेतली आणि छोल्यांना हातही लावला नाही. छोले आम्ही पुढे दोन दिवस खात होतो.

आता वन्संविषयी. नैवेद्याचे ताट आणि पंगतीचे पान या दोन गोष्टी त्यांच्याशी बोलताना वेगळ्या ठेवाव्यात. नैवेद्य हा कुळाचाराचा भाग आहे आणि तिथे त्यांचाच शब्द शेवटचा मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण 'आईच्या वेळचे पान' म्हणजे नेमके काय, हे त्यांच्याशेजारी वही घेऊन बसून विचारा आणि प्रमाणासकट लिहून घ्या : आंबिलीला ताक किती आंबट, सोळांत कोणत्या भाज्या, फुलोऱ्याला काय काय. बहुतेक घरांत अशी यादी पाच-सहा पदार्थांवर थांबते आणि बाकीचे कोणीतरी, केव्हातरी, हौसेने वाढवलेले निघते. जिलबीसुद्धा अशीच आलेली असेल. मात्र सोळा भाज्यांतला लाल भोपळा, ज्याला आपण कोहळे म्हणतो, तो आणि त्याच्याबरोबर बटाटा, टोमॅटो व मिरची हे सगळे १४९८ साली पोर्तुगीज भारतात पोहोचल्यानंतरच्या काळात अमेरिका खंडातून आले, आणि फुलकोबी तर १८२२ च्या सुमारास इंग्रजांनी आणली, हा मुद्दा त्यांच्यापुढे चुकूनही काढू नका. मुद्दा खरा असला तरी ऐन सणात वन्संना गप्प करून तुमच्या हाती काय लागणार?

सुनेच्या इच्छेला मी अधिक वजन देईन, कारण ती घरच्या देवीला माहेरचा घास देऊ पाहते आहे. कोकणातल्या काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्यही असतो. तेव्हा गौरीचे ताट सगळीकडे सारखेच असते असे नाही. शिवाय घाटले आणि आंबील शेजारी ठेवून पाहा. आपली आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, त्यांचे घाटले तांदळाच्या पिठाचे, गुळाचे आणि नारळाच्या दुधाचे. शेतात जे धान्य पिकते ते पातळ शिजवून देवीपुढे ठेवायचे, ही रीत दोन्हीकडची एकच आहे. वन्संना पटायचे असेल तर ते याने पटेल.

अडचण घावनांची आहे. भिजवलेल्या तांदळाचे पातळ पीठ बिडाच्या तव्यावर घालून झाकण ठेवले की जाळी पडते आणि ते तव्यावरून थेट पानातच जायला हवे. गार झाले की चिवट होते. एका घावनाला दोन मिनिटे धरली, तरी ५५ माणसांना एकेक वाढायला एका तव्यावर जवळजवळ दोन तास लागतील आणि तेवढा वेळ पुरणपोळीचा तवा अडकून राहील. म्हणून पूजनाच्या दिवशी, म्हणजे ज्येष्ठा नक्षत्रावर, पंगतीत फक्त घाटले करावे आणि ते पानात आंबिलीशेजारी लहान वाटीत वाढावे. गूळ घातल्यावर ते खळखळून उकळू देऊ नये, नाहीतर नारळाचे दूध फुटते. हे तुमच्या सुनेला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. घावने मूळ नक्षत्रावर, विसर्जनाच्या सकाळी, घरची दहा-बारा माणसेच असताना सुनेने करावीत. त्या दिवशी मुरड घातलेल्या कानवल्याचा आणि दहीभाताचा नैवेद्य झाला की स्वयंपाकघर मोकळेच असते. तुम्ही मात्र त्या दिवशी पाटावर बसून आयते गरम घावन खावे.

नातीचे पनीर मला फारसे पसंत नाही. नासवलेल्या दुधाचा पदार्थ म्हणून अनेक घरांत ते नैवेद्याला चालत नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असताना त्या रश्शाला चव आणायची म्हणजे काजू, मलई अशी सगळी सरबराई आली. तिला पुरण नको आहे, एवढाच तिच्या मागणीचा अर्थ मी घेते. तिच्या पानात भरड्याचे दोन वडे भातावर कुस्करून घाला आणि वरून हिंग, मोहरी व सुक्या लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी ओता. आपल्या नागपूरचा वडाभात तो हाच, आणि त्यासाठी वेगळे पातेलेसुद्धा चढवावे लागत नाही. तरीही तिला 'माझा पदार्थ' हवाच असेल, तर भाद्रपदात कोवळे भुट्टे मिळतात. त्यांचे दाणे भरडून वड्यांच्या थोड्या पिठात मिसळू द्यावेत. दाणे ओलसर असतात, म्हणून त्या पिठात पाणी घालू नये. भुट्टे सोलण्याचे आणि दाणे काढण्याचे काम तिच्याकडेच सोपवा, मागणी किती पक्की आहे तेही कळेल.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. महालक्ष्मीच्या पुरणपोळ्या बाहेरून मागवून घरी एखादा नवा पदार्थ केला तर चालेल का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : नैवेद्यापुरत्या पाच पोळ्या घरी कराव्यात आणि पंगतीच्या खुशाल मागवाव्यात. पोळ्या त्याच दिवशी सकाळी केलेल्या असाव्यात, कारण भाद्रपदातल्या दमट हवेत पुरण लवकर आंबते. घेताना एक पोळी मोडून वास घ्या. पोळ्या येऊनही हाताशी वेळ उरला, तर नव्या पदार्थाऐवजी कढी स्वतः करा. ती मागवली की हमखास गोड येते.