जपानी ठसाचित्रांमधली जुन्या कथांची गंमत कळायला आधी काय वाचावं, की ती नुसती सुंदर बायकांची चित्रं असतात?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकलाय, तोही आमच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत.

हॉलमध्ये मी सुझुकी हारुनोबू या जपानी ठसाचित्रकाराचं एक चित्र लावलं होतं. 1766च्या सुमाराची ‘झाशिकी हाक्केई’ म्हणजे दिवाणखान्यातली आठ दृश्यं, त्यातलं टॉवेलच्या दांडीचं. दादा अप्लाइड आर्टचा, जाहिरातीत नाव कमावलेला. मठ्ठ्याचा पेला हातात धरून म्हणाला, “कॅलेंडरवरच्या बायका गं या. ओरिजिनल काय आहे यात?” सासरची मंडळी हसली.

चीनमध्ये शियाओ आणि शियांग नद्यांच्या मुलखाची आठ दृश्यं अकराव्या शतकापासून रंगवली जात होती. परतणारी गलबतं, धुक्यातल्या देवळाची सांजघंटा, वाळूवर उतरणारे रानहंस, रात्रीचा पाऊस. सगळं भव्य. हारुनोबूने ते उचलून एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या घरात आणलं. शिडं म्हणजे दांडीवर वाऱ्याने हलणारा टॉवेल. घंटा म्हणजे घड्याळाचे टोले. हंसांची रांग म्हणजे कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारांखालच्या तिरक्या ओळीतल्या घोड्या. पाऊस म्हणजे चहाच्या किटलीत उकळणारं पाणी. हे त्याला सांगायला लागले, तर तो जिलबी घ्यायला उठला.

‘कॅलेंडर’ ही तर या चित्रांना शिवीच नाही. पंचांग छापायची परवानगी ठरावीक लोकांनाच होती. म्हणून 1765 साली एदोतल्या हौशी मंडळींनी पदरच्या पैशाने चित्रं काढून घेऊन आपसात वाटली, आणि वर्षातले मोठे (तीस दिवसांचे) महिने कोणते, लहान (एकोणतीसचे) कोणते, ते चित्रातच दडवलं. हारुनोबूची एक मुलगी अचानक आलेल्या सरीत वाळत घातलेला किमोनो काढायला धावते. वर्ष आणि महिने त्या किमोनोच्या नक्षीत आहेत. एकमेकांवर ताण करायच्या या नादातच प्रत्येक रंगाला वेगळा ठसा वापरणारी बहुरंगी छपाई बहरली. आणि ओरिजिनलचं म्हणाल तर, ‘आठ दृश्यां’च्या पहिल्या आवृत्तीवर नाव चित्रकाराचं नाही, कल्पना देऊन चित्रं काढवून घेणाऱ्या क्योसेनचं आहे. जाहिरातीतल्या माणसाला हे तरी पटायला हवं.

आता वाचायचं काय. जाडजूड कलेतिहास नको, चार प्रसंग पुरतात. ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीत दोरी बांधलेलं मांजर पळतं, पडदा सरकतो आणि तिसरी राजकन्या परपुरुषाच्या नजरेला पडते, म्हणून चित्रात मुलगी, दोरी आणि मांजर दिसलं की समजायचं. ‘चुशिंगुरा’ या सूडाच्या गाजलेल्या नाटकाचा सातवा अंक बघा: एकजण पत्र वाचतोय, वरून बाई आरशात ते बघतेय, ओट्याखाली हेर. चित्रात तिघांच्या जागी कोणीही असेल, मांडणी तीच. आणि बोरूवर उभी राहून पाणी ओलांडणारी नटवी बाई म्हणजे आपल्याकडून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म. त्यात टोमणाही आहे: तो नऊ वर्षं भिंतीपुढे बसला, योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीतल्या बायकांचा करार साधारण दहा वर्षांचा असे. याला नुसती सुंदर बाई म्हणणाऱ्याने चित्र बघितलेलंच नाही.

अर्थात प्रत्येक चित्रात संदर्भ हुडकू नका. उतामारो या दुसऱ्या ठसाचित्रकाराने काढलेली ओकिता ही त्या काळची चहाच्या दुकानातली गाजलेली मुलगी, बस. तिथे दादाचं म्हणणं चालेल.

‘आठ दृश्यं’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या साइटवर आहेत. शीर्षकं झाकून ओळखा. आरशाचा चंद्र लगेच सुटेल. पंख्याने धुकं हटवलंय, ते मात्र मला ओढूनताणून वाटतं.