जनरेटरवर ५ व्होल्ट, स्कोपवर १०

प्रश्न : फंक्शन जनरेटरवर (हव्या त्या आकाराच्या लहरी देणारं उपकरण) ५ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे लहरीच्या तळापासून शिखरापर्यंत, लावले तरी ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणारं उपकरण) १० दिसतात. जनरेटर बिघडला का? शिवाय ‘सिंक’ लिहिलेलं बीएनसी (केबल फिरवून बसवायचं गोल) सॉकेट कशासाठी?

उत्तर : जनरेटर ठीक आहे. त्याच्या आउटपुटला आतूनच ५० ओहमचा रोध असतो, आणि बाहेरही ५० ओहमचा लोड आहे असं धरून तो आकडा दाखवतो. स्कोपचं इनपुट १ मेगाओहमचं, त्यामुळे व्होल्टेज विभागलंच जात नाही आणि दुप्पट दिसतं. मेनूत आउटपुट लोड ‘हाय झेड’ (खूप मोठा रोध) करा, आकडे जुळतील.

मात्र केबलमध्ये टी (एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड) घालून सर्किट आणि स्कोप दोन्ही जोडले असतील, तर केबलच्या टोकावरून परतणारी लहर येईपर्यंत चौकोनी लहरीची कड टीपाशी अर्ध्यावर अडखळते. टीच्या पुढे २ मीटर केबल असेल तर ही पायरी सुमारे २० नॅनोसेकंदांची असते. आरजी-५८ (५० ओहमची) केबल वापरा, शेवटच्या टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला बसवायचा रोध) लावा आणि मेनू पुन्हा ५० ओहमवर आणा. टीव्हीची केबल ७५ ओहमची, ती नको.

‘सिंक’ स्कोपच्या एक्स्टर्नल ट्रिगरला (चित्र कधी सुरू करायचं ते बाहेरून सांगणारं इनपुट) जोडा. मुख्य सिग्नल काही मिलिव्होल्टचा असला तरी सिंकचा पल्स नेहमीएवढाच मोठा राहतो, म्हणून चित्र पळत नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. बहुतेक जनरेटरांत बीएनसीचं बाहेरचं कवच थेट अर्थिंगला जोडलेलं असतं. मेन्सवर थेट चालणाऱ्या सर्किटला त्या कवचाला जोडलेली, केबलची काळी क्लिप कधीही लावू नका.