ब्रेकरला कुलूप कुठलं लावायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मोटारीचं बेअरिंग बदलण्याबद्दल लिहिताना "आधी ब्रेकर लॉक करा" (म्हणजे सप्लायचा ब्रेकर ऑफ करून त्याला कुलूप लावा, काम चालू असताना कोणी तो ऑन करू नये म्हणून) एवढं एकच वाक्य टाकून मी पुढे गेलो आणि गंमत म्हणजे बेअरिंगबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळे प्रश्न त्या एका वाक्यावरच आले. त्यामुळे या वेळी पूर्ण सदर त्यालाच.

प्रश्न: सर, भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, ४ सीएनसी आणि १ कॉम्प्रेसर. मोठ्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये लोटो (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे ब्रेकरला कुलूप आणि टॅग) नाही म्हणून पॉइंट निघाला, म्हणून ऑनलाइन एक रेडीमेड किट मागवलं. बॅग छान आहे, टॅग आहेत, पण लॉक आमच्या अर्ध्या एमसीबींना (छोट्या ब्रेकरना) बसतच नाहीत आणि मेनच्या एमसीसीबीला (मोठ्या ब्रेकरला) तर एकही बसत नाही. काय बघून घ्यायचं?

आधी किट मागवलं आणि मग पॅनल बघितलं, तिथेच उलटं झालं. वाईट वाटून घेऊ नका, जवळपास सगळे असंच करतात. किट बनवणाऱ्याला तुमच्या पॅनलमध्ये कुठल्या मेकचे ब्रेकर आहेत हे कसं कळणार? (लॉक म्हणजे ब्रेकरच्या नॉबवर बसणारा तुकडा, कुलूप नंतर त्यात अडकवायचं.) आता किट बाजूला ठेवा, एक वही घ्या आणि एकेका ब्रेकरसमोर उभे राहा. मेक, पोल किती, अँपिअर किती हे लिहा आणि नॉबचा एक फोटो समोरून, एक बाजूने काढा. अर्धा तास जाईल पण नंतरचे पैसे वाचतील.

एमसीबी लांबून सगळे सारखेच दिसतात, एका पोलला साधारण १८ मिमी रुंदी, ३५ मिमीच्या डिन रेलवर खटकन बसतात, म्हणून आपल्याला वाटतं की लॉकही एकच चालेल. फसगत इथेच होते, कारण नॉबचा आकार आणि त्याच्या बाजूची बारीक भोकं प्रत्येक मेकची वेगळी. त्या भोकांमध्ये लॉकच्या दोन पिना अडकतात. काही लॉकच्या पिना बाहेरच्या बाजूला फाकतात, काहींच्या आतल्या बाजूला दाबल्या जातात आणि बाहेर फाकणाऱ्यांमध्येही परत अरुंद आणि रुंद असे दोन प्रकार आहेत. तुमच्या किटमध्ये बहुतेक एकाच प्रकारचे ४-५ आलेले असणार. भोकंच नसतील तर पिनवाला प्रकार विसरा, नॉबला चिमट्यासारखा पकडून स्क्रूने आवळायचा लॉक घ्या. ३ पोलच्या ब्रेकरला तिन्ही नॉब जोडणारी आडवी पट्टी असेल तर त्या पट्टीवर बसणारा लॉक वेगळा मिळतो. पिनवाला लॉक एका नॉबवर कसाबसा अडकवून बघू नका, थोड्या हिसक्याने हातात येतो.

एमसीसीबीचं हँडल मोठं असतं आणि त्याला जोरही जास्त लागतो, तिथे क्लॅम्प लागतो. क्लॅम्प घेताना हँडलची रुंदी आणि जाडी कॅलिपरने मोजा (मशीन शॉपवाल्यांना कॅलिपर घ्या म्हणून मी सांगायला नको) आणि एक गोष्ट नक्की बघा, कुलूप लावल्यावर आवळायचा स्क्रू झाकला जातो का. स्क्रू उघडाच राहत असेल तर कुलूप न काढता नुसता स्क्रू सैल करून कोणीही क्लॅम्प काढेल. पण माझं मत विचाराल तर एमसीसीबीला बाहेरून क्लॅम्प लावण्यापेक्षा त्याच कंपनीची पॅडलॉकची अॅक्सेसरी किंवा दारावरचं रोटरी हँडल बसवून घ्या, त्यात ऑफला कुलूप अडकवायची सोय येते. एकदा खर्च होतो पण ती ब्रेकरवरच असते, ऐन वेळी शोधत फिरावं लागत नाही.

अजून एक, एमसीसीबी ट्रिप झाला की हँडल मध्येच कुठेतरी थांबतं. ती जागा ऑफची नाही. आधी पूर्ण खाली ओढून रिसेट करा, हँडल ऑफला बसलं की मग लॉक करा. मधल्या जागी क्लॅम्प लावून निवांत कामाला लागलेली माणसं मी बघितली आहेत.

नवीन लॉक आणताना प्रत्येक प्रकारचा एकच आणा. मागची मेन सप्लाय बंद करा, लॉक लावा, कुलूप अडकवा आणि मग अंगठ्याने खरंच जोर लावून ब्रेकर ऑन करायचा प्रयत्न करा, लॉक हलवा, ओढा, वाकवा. नॉब अर्धासुद्धा वर सरकला तर तो लॉक परत. हेही बघा की लॉक लावल्यावर शेजारच्या एमसीबीचा नॉब अडत तर नाही ना आणि डीबीचं (ब्रेकर बसवलेल्या डब्याचं) दार बंद होतंय ना, कारण दार बंद होत नसेल तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी वैतागून लॉक ड्रॉवरमध्ये टाकून देतं. कुलपाची कडी साधारण ६ मिमीची असते, ती लॉकच्या भोकातून जाते ना हेही दुकानातच बघा, हसायला येईल पण यावरूनच निम्मे लोक परत येतात. कुलूप नायलॉनच्या बॉडीचं घ्या, घरच्या दाराचं लोखंडी नको.

प्रश्न: नमस्कार सर, मी आयटीआय करून सातपूरला अॅप्रेंटिस आहे. आमच्याकडे सिनियर लोक एमसीबी पाडतात, त्यावर काळी टेप मारतात आणि "काम चालू आहे" असा कागद लावतात. मी लॉकचं बोललो की हसतात, म्हणतात तीस वर्षं असंच केलं, काही झालं नाही. त्यांना काय सांगू?

तू त्यांना काही सांगू नकोस, फक्त एक प्रश्न विचार, "काका, किटकॅट फ्यूज होते तेव्हा तुम्ही ग्रिप काढून कुठे ठेवायचात?"

मी इचलकरंजीत लूमच्या शेडमध्ये काम शिकलो. तिथे मेनला चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असायचे आणि आमच्या मिस्त्रींची सवय अशी की मोटारीला हात लावायच्या आधी तिन्ही ग्रिपा (फ्यूजची तार बसवलेला, ओढून निघणारा भाग) उपसायच्या आणि शर्टाच्या खिशात टाकायच्या. टेबलावर ठेवलेल्या चालायच्या नाहीत, मेनच्या डब्यावर ठेवलेल्या तर शिव्याच बसायच्या. खिसा लोंबायचा, शर्ट फाटायचा, पण काम होईपर्यंत त्या ग्रिपा खिशातच. मालक जरी तणतणत आला तरी तो लाइट चालू करू शकत नव्हता कारण ग्रिपा मिस्त्रींच्या अंगावर होत्या. लोटो हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलेलाही नव्हता पण लोटो म्हणजे अजून काय असतं? ज्याचा हात मशीनमध्ये, चालू करायची किल्ली त्याच्याच खिशात.

मग एमसीबी आले. चांगलंच झालं, तार बांधायची कटकट गेली, शॉर्टला पटकन पडतात. पण खिशात टाकायला काही उरलं नाही. नॉब खाली केला आणि तो तिथेच राहिला, येणाराजाणारा कोणीही एका बोटाने वर करू शकतो. सवय गेली आणि तिच्या जागी टेप आली. मी नंतर एका कारखान्यात होतो तिथे माझ्यासोबतच्या एकाने अशीच टेप मारून कागद लावला, दुसऱ्या लाइनवाल्याला आपलं मशीन बंद दिसलं, तो आला, घाई होती, लाइट अंधुक, कागद खाली पडलेला, टेप ओढली आणि एमसीबी वर केला. आमचा माणूस टर्मिनलवर पाना लावून बसला होता. वाचला, पण तळहाताची कातडी गेली आणि पुढे कित्येक महिने तो पॅनलसमोर उभा राहिला की हात थरथरायचा. टेप मारणारा माणूस वाईट नव्हता आणि टेप काढणाराही नव्हता.

तर तुझ्या सिनियरना लॉक म्हणजे परदेशी फॅड वाटत असेल तर ते त्यांच्याच जुन्या ग्रिपेचं नवं रूप आहे एवढं लक्षात आणून दे. आणि तू स्वतः एक कुलूप घे, तुझं, त्यावर नाव लिही आणि किल्ली खिशात ठेव.

एक मात्र लक्षात ठेव, कुलूप लावलं म्हणजे सप्लाय गेलीच असं नाही. चुकीच्या ब्रेकरला कुलूप लावलं तरी ते तितकंच घट्ट बसतं! म्हणून टेस्टर आधी चालू पॉइंटवर बघ, मग जिथे काम करायचंय तिथे फेज ते फेज आणि फेज ते न्यूट्रल आणि अर्थ, मग परत चालू पॉइंटवर. तो लाल दिवा लागणारा स्क्रूड्रायव्हर यासाठी नको, मल्टीमीटर किंवा दोन प्रोबचा टेस्टर घे. ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असेल तर त्याच्या अंगावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढा वेळ खरंच थांब, आत कपॅसिटर भरलेले असतात. आणि इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणजे बंद झालं असं धरू नकोस, तो फक्त कंट्रोल तोडतो, वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच असतात.

प्रश्न: एका ब्रेकरवर तिघं काम करतात, कुलूप एकच. किल्ली सुपरवायझरकडे ठेवली तर चालेल ना?

नाही. तिघांची तीन कुलपं. ६ भोकांचा हॅस्प मिळतो, तो लॉकमध्ये अडकवायचा आणि प्रत्येकाने आपलं कुलूप त्याला लावायचं, शेवटचा माणूस कुलूप काढेपर्यंत ब्रेकर ऑन होणार नाही. सुपरवायझर स्वतः काम करत असेल तर त्याचं चौथं. कुलपं घेताना प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे हे बघून घ्या, स्वस्तात डझन घेतली की बऱ्याचदा एकच किल्ली सगळ्यांना लागते. आणि कोणी कुलूप लावून घरी गेला तर आधी त्याला फोन, मग मशीनजवळ कोणी नाही हे जबाबदार माणसाने डोळ्यांनी बघायचं, मग कटर, आणि तो परत आला की कामाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो, मी सोसायटीच्या कमिटीत आहे. पाण्याच्या पंपाचं काम चालू असताना वॉचमनने सवयीने पंप चालू केला, थोडक्यात निभावलं. सोसायटीला एवढं महागडं काही लागतं का?

महागडं काही नाही, दोनतीन लॉक, दोन कुलपं, चार टॅग. पंपाच्या पॅनलचा एमसीबी बघा आणि त्याला बसेल तो लॉक घ्या, जुना लोखंडी मेन स्विच असेल तर बहुतेक त्याच्या हँडललाच कुलपासाठी कान असतो, तो रंगाने बुजला असेल तर खरवडून काढा, फुकटात काम झालं. पण वॉचमनपेक्षा मला तुमच्या टाकीतल्या फ्लोटची जास्त काळजी आहे. ऑटो लेव्हल कंट्रोलर किंवा टायमर असेल तर पंप कोणी हात न लावताही चालू होतो, म्हणून स्टार्टरचं ऑफ बटण दाबून भागणार नाही, मागचा एमसीबीच लॉक करायचा. जनरेटर असेल आणि पंप त्यावरही असेल तर लाइट गेल्यावर चेंजओव्हरने सप्लाय दुसऱ्या वाटेने येते, तीही वाट बंद करा. इन्व्हर्टरचंही तेच. आणि किल्ली वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगू नका हो, काम करणाऱ्या प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला द्या.

प्रश्न: लोटो हा अमेरिकेतला नियम आहे, आपल्याकडे लागू नाही असं आमचे कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. तिथल्या ओशाने (कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) १९८९ मध्ये केलेला तो नियम आपल्याला लागू नाही. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षेच्या विनियमांत (आधी २०१० चे, आता २०२३ चे) काम चालू असताना ते उपकरण चुकूनही चार्ज होणार नाही अशी खबरदारी घ्यायला सांगितलेलीच आहे. ती टेपने घेतली की कुलपाने, हे अपघात झाल्यावर विद्युत निरीक्षक विचारतीलच. कॉन्ट्रॅक्टरना म्हणावं तेव्हा अमेरिकेचं उत्तर द्या.

प्रश्न: काका, गच्चीवर सोलर बसवलंय, पॅनल पुसायचे आणि एक वायर बदलायची आहे. इन्व्हर्टरचा एसी ब्रेकर लॉक केला की झालं ना?

पॅनल पुसण्यापुरतं ठीक, तेही सकाळी लवकर, पॅनल गार असताना. वायरला मात्र तुम्ही हात लावू नका. एसी बाजू लॉक केली, डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी सप्लाय तोडणारा स्विच) बंद करून त्यालाही कुलूप लावलं, तरी पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतची वायर ऊन आहे तोवर जिवंतच असते, सूर्याला लॉक लावता येत नाही. लोडवर असताना डीसीचा कनेक्टर ओढला तर आर्क ओढला जातो आणि तो एसीसारखा पटकन विझत नाही. ज्यांनी बसवलं त्यांना बोलवा, आणि ते आले की पहिलं एवढंच बघा की त्यांच्या बॅगेत डीसी आयसोलेटरला बसणारं कुलूप आहे का.