‘आरएफने ८२ टक्के मुरुमं बरी’ हा आकडा आला कुठून?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी १९ वर्षांची आहे, गालांवर, आणि जास्त करून हनुवटीवर नि जबड्यालगत, मोठी, दुखणारी मुरुमं आहेत. क्लिनिकने सुयांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे बारीक सुया टोचून विजेच्या प्रवाहाने त्वचेत उष्णता देणाऱ्या आरएफचं, चार सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. गोळ्यांची तुम्हाला भीती वाटते, आणि क्लिनिक म्हणतं गोळ्या नकोत, ८२ टक्के पेशंटना ह्यानेच गुण येतो, पैसे मात्र आगाऊ. घ्यावं का?

मी डॉक्टर नाही. मुरुमं अंगावर, खरं तर तोंडावर, दहा-बारा वर्षं काढलेली बाई आहे. नंतर राहिलेल्या खड्ड्यांसाठी ह्याच आरएफची चार सिटिंग घेतली आहेत. तेव्हा जे वाचलं आणि भोगलं ते सांगते.

८२ टक्के हा आकडा हवेतला नाही. २००३ साली रुइझ-एस्पार्झा आणि गोमेझ ह्या दोन डॉक्टरांनी ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ ह्या नियतकालिकात आपला अनुभव छापला होता. मध्यम ते तीव्र, गाठींची मुरुमं असलेल्या रुग्णांना त्यांनी आरएफने त्वचेच्या खोल थरात उष्णता दिली. रुग्ण किती? २२. त्यांतल्या १८ जणांना उत्तम गुण आला, दोघांना थोडाफार, दोघांना काहीच नाही. बावीसातले अठरा म्हणजे ८२ टक्के. शिवाय ते यंत्र बिनसुयांचं, त्वचेला वरून लावायचं होतं. तुम्हाला सांगितलंय ते सुयांचं. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या पॅकेजवर चिकटवला तर तिथेच शंका घ्यायला हवी.

त्याहून मोठी उणीव म्हणजे त्या २२ जणांशी तुलना करायला उपचार न घेतलेला गटच नव्हता. मुरुमांच्या बाबतीत हे फार महाग पडतं, कारण ती आपोआप चढतात आणि उतरतात. माझी परीक्षेच्या आधी आणि घरातल्या प्रत्येक लग्नाच्या तोंडावर उसळायची. आपण डॉक्टरकडे जातो ते चेहरा सगळ्यात वाईट असताना. त्या दिवशी मुलतानी माती लावून घरी पाठवलं असतं तरी दोन महिन्यांनी पुष्कळांना बरं वाटलं असतं. म्हणून चांगल्या चाचणीत एका गालावर उपचार करतात, दुसऱ्यावर नुसतं यंत्र फिरवल्यासारखं करतात, आणि पुरळ मोजणाऱ्याला कुठला गाल कुठला हे सांगत नाहीत. आरएफमध्ये हे अवघड जातं. उपचार झालेला गाल लालबुंद होतो आणि सगळं गुपित फोडतो.

कल्पना मुळात वेडगळ नाही. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह त्वचेतून गेला की तिच्या विरोधामुळे आतल्या आत उष्णता तयार होते. ती तेलाच्या ग्रंथींपर्यंत पोचली तर त्या मंदावतील, हा तर्क. सुयांच्या आरएफनंतर काही आठवडे चेहऱ्यावरचं तेल कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंही आहे. पण काही आठवडे म्हणजे बरं होणं नव्हे. आपल्या सावळ्या त्वचेसाठी ह्यात एक खरी जमेची बाजू आहे: बऱ्याच लेझरचा प्रकाश त्वचेचा रंग शोषून घेतो, तसं आरएफचं नाही, त्यामुळे काळे डाग पडायची भीती तुलनेने कमी. कमी, शून्य नाही. माझ्या उजव्या कानशिलाजवळ सुयांच्या चौकटीचे बारीक ठिपके तीन महिने दिसत होते.

(पार्लरमध्ये काचेची जांभळी नळी चर्र करत पिंपलवर फिरवतात, त्या ‘हाय फ्रिक्वेन्सी’चा ह्याच्याशी संबंध नाही. नावावरून गल्लत होते म्हणून सांगितलं.)

आरएफ खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते मुरुमं शांत झाल्यावर, खड्ड्यांसाठी. माझ्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधांनी नवीन मुरुमं पूर्ण थांबवली, मगच यंत्राला हात लावला. पाऊण तास बधिर करणारं मलम, मग टक्-टक् सुया. कपाळावर सहन होतं, जबड्याच्या हाडावर डोळ्यांतून पाणी येतं. दोन-तीन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा. पसरट, लाटांसारखे खड्डे बरेच भरले. टाचणीने टोचल्यासारखे खोल होते ते जसेच्या तसे राहिले, त्यांना वेगळा उपचार लागला.

आणि हे यंत्र निरुपद्रवी समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सुयांच्या आरएफबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली: भाजणं, व्रण, त्वचेखालची चरबी विरघळणं, नसांना इजा. तेव्हा सुई कोण चालवणार ते विचारा. ‘आमची टेक्निशियन ट्रेन्ड आहे’ हे उत्तर मी तरी मान्य केलं नसतं.

गोळ्यांची तुमची भीती समजते. आयसोट्रेटिनोइन ही तीव्र मुरुमांवरची गोळी. तिने ओठ फुटतात, रक्ततपासण्या कराव्या लागतात, आणि ती घेताना गर्भ राहता कामा नये, ह्यात तडजोड नाही. पण गाठींच्या मुरुमांवर त्या गोळीचा अनुभव १९८२ पासूनचा आहे, आणि तिची परीक्षा बावीस जणांवर थांबलेली नाही. गोळी द्यायची की अ‍ॅडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड असल्या मलमांवर भागेल, हे त्वचारोगतज्ज्ञाला ठरवू द्या. मलमांना निदान आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे आपण सगळेच. आणि केमिस्टकडून गोरेपणाची ट्यूब आणून लावत असेल तर आधी तिच्यावरचं नाव वाचा. त्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ह्यांपैकी एखादं स्टेरॉइड असेल तर मुरुमं त्यानेच वाढत असतील. एकदम बंद केली तर चेहरा भडकू शकतो, म्हणून ट्यूब सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा.

तर माझं मत: हे पॅकेज आत्ता घेऊ नका, आगाऊ पैसे तर मुळीच भरू नका. काहीही सुरू कराल त्याच्या आदल्या दिवशी खिडकीपाशी, त्याच उजेडात, फिल्टर न लावता तीन फोटो काढा, आणि दर महिन्याला तसेच काढा.

एक राहिलं. मुरुमं हनुवटीवर आणि जबड्यालगत जास्त आहेत म्हणालात. तिची पाळी नियमित येते का? हनुवटीवर जाड केस येतात का? तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या विकाराची, तपासणी आधी करून घ्या, आणि काय निघालं ते इथे कळवा.