क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी.: विद्यापीठांची नको, मार्गदर्शकांची यादी करा

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. अमेरिकेत पीएच.डी. करून परत यायचं आणि इथे प्रॅक्टिस करायची, असं तिच्या मनात आहे. आम्ही रँकिंग पाहून बारा विद्यापीठं निवडली आहेत. एजंट म्हणतो, पीएच.डी.ला प्रवेश अवघड आहे, त्यापेक्षा साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) करा, कर्ज मिळवून देतो. काय करावं?
– एक आई, नाशिक

ताई, कर्जाचे कागद तूर्त कपाटात ठेवा. रँकिंगची यादीही ठेवून दिलीत तरी चालेल.

अमेरिकेतल्या क्लिनिकल पीएच.डी.चा प्रवेश बहुतेक ठिकाणी गाण्यातल्या गुरु-शिष्यासारखा असतो. विद्यापीठ नावाला, निवड करणार एक प्राध्यापक. ते लहान मुलांमधल्या चिंताविकारावर काम करत असतील आणि तुमच्या मुलीला व्यसनमुक्तीत रस असेल, तर तिचे मार्क कितीही असोत, अर्ज मागे पडतो. शिवाय त्या वर्षी ते विद्यार्थी घेणारच नसतील तर अर्जाची फी वायाच जायची. ही माहिती बऱ्याचदा त्यांच्या वेबपेजवर दिलेली असते. म्हणून यादी माणसांची करा, त्यांचे अलीकडचे शोधनिबंध मुलीला वाचू द्या आणि मग विद्यापीठ कोणतं आहे ते बघा. जागा फार थोड्या असतात. शेकड्यांनी आलेल्या अर्जांतून पाच-दहा जण घेतले जातात.

आता पीएच.डी. आणि साय.डी. पीएच.डी.त संशोधन आणि उपचार दोन्ही शिकवतात, पण प्रवेश देताना नजर संशोधनावर असते. चांगल्या पीएच.डी.त ट्यूशन फी माफ होते आणि सहायक म्हणून काम केल्याबद्दल स्टायपेंड मिळतो. पाच ते सात वर्षं लागतात, त्यातलं शेवटचं एक वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिपचं. साय.डी.चा भर उपचारांवर आणि बहुतेक ठिकाणी खर्च आपल्या खिशातून. साय.डी. वाईट नाही, काही विद्यापीठांतली तर उत्तम आहे. पण ‘सहज मिळेल’ म्हणून अनेक वर्षांच्या डॉलरमधल्या फीचं कर्ज काढायचं आणि ते नाशिकमधल्या प्रॅक्टिसमधून रुपयांत फेडायचं, हे गणित एजंटला नाही, तुम्हाला सोडवायचं आहे.

एजंटला एक विचारा: त्या कोर्सला एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे का? असेल तर किती जण वेळेत पदवी घेतात, किती मधेच सोडतात, किती जणांना इंटर्नशिप मिळते आणि खर्च किती, हे आकडे त्यांना वेबसाइटवर द्यावेच लागतात. रँकिंगपेक्षा तो तक्ता वाचा. इंटर्नशिपचा आकडा विशेष बघा, कारण तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत इंटर्नशिपच्या भरपूर जागा असतात, पण त्या अमेरिकी नागरिकांसाठी. परदेशी विद्यार्थ्याला तेवढे दरवाजे कमी.

परत येऊन प्रॅक्टिस करायची आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. नुसत्या पीएच.डी.ने, मग ती इथली का असेना, ती मिळत नाही. त्यासाठी कौन्सिलमान्य क्लिनिकल प्रशिक्षण लागतं. आजवर तो मार्ग म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होतं, आता त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. परदेशी पदवीची नोंदणी कशी होईल, हे कौन्सिलकडून आधीच लेखी विचारून घ्या. तिला खरोखर रुग्णच बघायचे असतील, संशोधनाची ओढ नसेल, तर मी तिला इथल्याच कौन्सिलमान्य अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेला बसवीन. सात वर्षं परदेशात घालवून शेवटी नाशिकमध्ये ओपीडीच चालवायची असेल, तर वाट फार लांबची पडते.

आणि संशोधनाची ओढ असेल तर? तर यंदा घाई नको. अर्ज साधारण १ डिसेंबरच्या सुमारास भरायचे असतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जागा मिळाली तर आपला होकार-नकार १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. एम.ए. झाल्यावर वर्ष-दोन वर्षं तिला एखाद्या संशोधन प्रकल्पावर काम करू द्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत प्रकल्पांवर माणसं घेतात. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्यावर उपचार करण्याचं जे काम केलं, ते जगभरचे संशोधक ओळखतात. अशा ठिकाणी डेटा गोळा करणं, मुलाखती घेणं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवणं हे सगळं हाताखालून जातं. तीन शिफारसपत्रं लागतात. तिचं काम जवळून पाहिलेल्याचं पत्र हे प्राचार्यांच्या ‘हुशार व मनमिळाऊ’ पत्रापेक्षा कितीतरी भारी. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, तरी प्रत्येक विद्यापीठाचं तपासा.

अर्जासोबतच्या निबंधात स्वतःच्या किंवा घरातल्या आजारपणाची करुण कहाणी नको. तिथे वाचणाऱ्याला कोणता प्रश्न शोधायचाय, तो कसा शोधणार आणि याच प्राध्यापकांकडे का, एवढंच हवं असतं.

प्राध्यापकांना पाठवायचा ईमेल मुलीने स्वतः लिहावा, सात-आठ ओळींचा. तुम्ही नाही, आणि एजंटने तर अजिबात नाही.