मार्चात धबधब्याला जाऊ नका

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाची, थंडी सरली, ऊन अजून भाजत नाही, तेवढ्यात कुठं जाऊन येऊ. चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई, मिस्टर बँकेत आहेत, त्यामुळं मार्चएंडला सुट्टीचं नाव काढायचं नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटाला नाहीतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवार धरून दोन दिवस काढणार आहोत, गाडी आपली आहे. मुलं चौथीत आणि सातवीत. दीर म्हणतात गोकाक नि आंबोली करा, भाऊ म्हणतो दूधसागर. फोटो तर सगळ्यांचेच भारी दिसतात, काय करू?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : फोटो भारीच असणार ओ, ते जुलै-ऑगस्टातले आहेत! हा घोळ मी स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. एकदा पुण्याहून नणंदेची मंडळी आली होती, मार्चातच, मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना गोकाकला घेऊन गेले, १७० फुटांवरून घटप्रभा कशी उडी मारते ते वाटभर सांगत, आणि तिथं पोचल्यावर बघतोय तर खडक. काळा, तापलेला, लांबलचक खडक आणि एका कोपऱ्यात नळ सुटल्यासारखी धार. नणंदेचा धाकटा मला विचारतोय, मामी, धबधबा कुठाय? पाणी वर हिडकल धरणात अडवलेलं, तिथनं पुढं कालव्यात जातंय, खाली येणार काय डोंबल. आंबोलीची पण तीच गत, तिथं हवा छान असते, हिरण्यकेशीचा उगम बघून होतो, पण धबधब्यासाठी म्हणून जायचं तर जुलै. दूधसागर ३१० मीटरचा असला तरी मार्चात त्यातलं दूध पातळ होतं, मुलांना जीपमधनं हादरे खात न्यायचं आणि पातळ दूध दाखवायचं, कशाला?

माझं सरळ म्हणणं आहे, या दिवसांत पाणी बघायला जाऊ नका, पाणी ओसरल्यावर जे वर येतं ते बघायला जा. शिरसीजवळ सहस्रलिंग आहे, शाल्मला नदीच्या पात्रात. पावसाळ्यात गेलात तर नुसता गढूळ लोंढा दिसणार आणि घरी येऊन म्हणणार काही नव्हतं तिथं. फेब्रुवारी-मार्चात नदी उतरते आणि पात्रातल्या खडकाखडकावर कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात, प्रत्येकासमोर आपापला नंदी, काही मोठे, काही मुठीएवढे. सोंद्याचा राजा सदाशिवराय, साधारण १६७८ ते १७१८ हा त्याचा काळ, त्यानं ती करवून घेतली असं मानतात. मुलांना पाय पाण्यात सोडून लिंगं मोजायला लावा, दोन तास तुमच्या डोक्याला शांतता! शेवाळ असतं, चप्पल घसरते, तेवढं बघा. महाशिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तारीख आधी कॅलेंडरात बघून घ्या.

रस्ता म्हणाल तर खानापूर, नंदगड, हल्याळ, यल्लापूर असं जंगलातनं जायचं, सहस्रलिंग यल्लापूर-शिरसी रस्त्यावरच शिरसीच्या अलीकडं लागतं. मुक्काम शिरसीत. दुसऱ्या दिवशी याण. तिथले काळे सुळके कोरड्या दिवसांतच नीट बघता येतात, पावसात पायाखाली जळवा. भैरवेश्वर शिखर १२० मीटरचं आणि मोहिनी शिखर ९० मीटरचं, खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते.

अजून एक, शिरसीच्या मारिकांबेची जत्रा दोन वर्षांतनं एकदा याच दिवसांत भरते, त्या वर्षी रूमचा विचार सोडूनच द्या, नाहीतर जत्राच बघायला जा. आणि आपल्याकडं जशी गुऱ्हाळं तशी तिकडं आलेमने, तीही याच मोसमात चालू असतात. तिथं उसाच्या रसाचं तोडदेव मिळालं तर घ्या, पालथ्या मडक्यावर पातळ पसरून कागदासारखं काढतात, तोंडात टाकलं की गायब. मी डबा भरून आणलं होतं, धारवाड यायच्या आत संपलं.

प्रश्न : आई-वडील सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे गेलेत. सौंदत्ती दरवर्षी होतेच, या वर्षी वेगळं काहीतरी दाखवायचं मनात आहे. बदामी झेपेल का? ऊन फार असतं म्हणतात.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : झेपेल, पण फेब्रुवारीत. मार्चचा मध्य उलटला की तिथला तांबडा दगड दुपारी तव्यासारखा होतो आणि संध्याकाळीही गरमच राहतो. एका दिवसात जाऊन-येऊन करायच्या भानगडीत पडू नका, निपाणीहून लांब आहे आणि कारखान्यांचा सीझन चालू असतो तोवर रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, डबल ट्रॉलीवाले, त्यांच्यामागं अडकलात की आईचं अंग आखडणार. पहाटे निघा, दुपारी बदामीत जेवून खोलीत झोपा, ऊन कललं की अगस्त्य तीर्थाच्या काठानं भूतनाथाला न्या. तिथं पायऱ्यांचा त्रास नाही, आई-वडिलांना पाण्याकडं तोंड करून बसवा.

गुहांना मात्र पायऱ्या आहेत आणि उंच आहेत. आईला खालीच बसू दे, तुम्ही आणि बाबा जमेल तेवढं चढा, निदान तिसऱ्या गुहेपर्यंत तरी. चालुक्य राजा मंगलेशानं ती कोरवून घेतली, आत शिलालेखच आहे, शके ५००, म्हणजे इ. स. ५७८. आईची भरपाई दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकलला होते. सपाट हिरवळीवर देवळं ओळीनं उभी, १९८७ पासून जागतिक वारसा आहे, आणि त्यातलं विरूपाक्ष बांधून घेतलं राणी लोकमहादेवीनं, नवऱ्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं म्हणून. आईला ही गोष्ट सांगा, आवडेल.

जेवायला बनशंकरीला जा. देवळाच्या आवारात बायका बुट्टीतनं भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही घेऊन येतात आणि जमिनीवर बसवून वाढतात. आई खाली बसू शकणार नाही, गाडीत घडीची खुर्ची टाका.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, बाइक आहे, पैसे नाहीत. रविवारी एका दिवसात होईल असा स्प्रिंगवाला स्पॉट सांगा, रील काढायची आहे, चेरी ब्लॉसम टाइप.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : अरे बाळा, खानापुरात राहून मला विचारतोस? चेरी कशाला, तुझ्याकडं पळस फुललाय, काटेसावर फुललीय, दोन्हींना पानं नाहीत नुसती फुलं, आणि ऐटीत उभी आहेत. हलशीला जा. जुन्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी, त्यांच्या ताम्रपटांत गावाचं नाव पलाशिका, नावातच पळस! मी हे वाचलं तेव्हा परत जाऊन आले, पहिल्यांदा गेले होते तेव्हा झाडांकडं बघितलंच नव्हतं. तिथलं भूवराह-नरसिंह देऊळ नीट बघ, दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह, एकात नरसिंह, एकमेकांकडं तोंड करून. परत येताना नंदगडला थांब, कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला तिथं फाशी दिली.

सकाळी नऊच्या आत शूट कर, नंतर ऊन फुलांचा रंग खातं. फांदी मोडू नको. आणि तुम्ही पोरं सिगरेट ओढत असाल हे मी गृहीत धरते, थोटुक रस्त्याकडेला टाकू नका, या दिवसांत वाळलेल्या गवताला वणवा लागायला तेवढं पुरतं.

प्रश्न : आम्हा दोघांनाही रंगाची ॲलर्जी आहे, होळीत बेळगावातनं पळून कुठं जावं? गोवा नको, तिथं पण रंगच.
— एक वाचक, शहापूर

उत्तर : तुमचं कठीण आहे, गावात धुळवड झाली की पाच दिवसांनी तुमच्या शहापुरात रंगपंचमी, म्हणजे दोनदा पळावं लागणार. तरी मी गोवाच सांगणार, पण पणजी-मडगाव नाही, पार दक्षिणेला काणकोणातलं गालजीबाग. सुरूची झाडं, शांत किनारा, आणि ऑलिव्ह रिडले कासवं तिथं अंडी घालतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात, त्यामुळं फेब्रुवारी ते एप्रिल दिसायचा चान्स असतो. हमी नाही, कासव तुमच्या बुकिंगवर चालत नाही. घरट्यांना कुंपण घालून वनखात्याची माणसं राखण करतात, त्यांनाच विचारा, ते म्हणतील तेवढंच जवळ जा. मोबाइलचा फ्लॅश बंद, टॉर्चपण बंद, उजेड दिसला की पिल्लं समुद्र सोडून उलटी माणसांकडं चालत सुटतात.