आई रोज वावरात राबते, तरी शुगर-बीपी तपासायची गरज आहे का?

हो, आहेच. 30 च्या वरच्या बाईनं वर्षातून एकदा तरी दोन्ही तपासावं, अन् तुमची आई तर 52 ची आहे. मी उपकेंद्रात काम करते, दिवसभर निंदण-वेचणी करणाऱ्या काटक बायांचाही बीपी 160 च्या वर निघतो अन् त्यांना काहीच त्रास जाणवत नसतो, खरी भानगड तीच. मेहनतीचा फायदा होतोच, पण पाळी गेल्यावर हार्टचा धोका वाढतो, अन् जेवणात वरून घेतलेलं मीठ, लोणचं, अन् खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) हे काही निंदणानं भरून निघत नाही. गावातल्या आशाताईला सांगा, ती फॉर्म भरून उपकेंद्रात पाठवते, बीपी-शुगर फुकट होते, सोबत तोंडाची अन् स्तनाची तपासणीही करून घ्या (खर्रा किंवा गुडाखू म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पेस्ट असेल तर तोंड दाखवाच, बाया हे लपवतात).

फक्त एक, उन्हातून चालत आल्या आल्या किंवा चहा पिऊन लगेच मोजलं तर बीपी जास्त दाखवतो. पाच मिनिटं शांत बसवा, अन् 140/90 किंवा त्याच्या वर आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजा, शेजारणीची गोळी देऊ नका.